दरबारात भरलेली शाळा

“पंतोजी, उद्यापासून दिवसभर दरबारात हजर राहायचं आणि दिवसभर शाळेतही शिकवायचं! एकात जरी चुकलात, तर सनद रद्द आणि शाळेला कुलूप!”

शेवरगडच्या राजानं हुकूम सोडला आणि दिवाण अप्पाजींनी मिशीला पीळ दिला. शाळा पंतोजींच्या मर्जीनं चालेल, असं राजानंच सनदेत लिहून दिलं होतं. दिवाणजींना ते पचेना. माठ बदलायचाय? दरबाराची परवानगी आणा. सुट्टी द्यायचीय? पंतोजींनी जातीनं येऊन उभं राहावं. पंतोजी दरबारात, पोरं झाडावर! आईबापांनी तक्रार केली, तर दरडावलं कुणाला? पंतोजींनाच! मिशा पिकल्या की अक्कलही पिकते, अशी त्या दरबाराची समजूत होती.

पंतोजी डोकं धरून बसले. कोष्ट्याची तानू, शाळेतली सगळ्यात थोरली, म्हणाली, “उठा गुरुजी! शाळाच दरबारात नेऊ.”

सकाळी राजाच्या नव्या गालिच्यावर पोरं पाढे म्हणत होती.

“हा काय बाजार मांडलाय?” दिवाणजी ओरडले.

“शाळा आहे, दिवाणजी,” तानू म्हणाली. “पंतोजी इथंही आहेत आणि शाळेतही. हुकूमच आहे तसा!”

“पण परवानगीशिवाय इथं पान हलता कामा नये!”

“नाहीच हलणार!” तानूनं डोळा मिचकावला. भराभर हात वर झाले.

“महाराज, पाटी पुसू?”

“महाराज, खोकू?”

“महाराज, यानं मला चिमटा काढला. मी काढू?”

आलेला प्रत्येक अर्ज ऐकल्याशिवाय राजानं गादी सोडायची नाही, असा रिवाज. जेवणाची वेळ टळली. राजाचं पोट गुरगुरू लागलं. तेवढ्यात सगळ्यात धाकटा सख्या करंगळी वर करून पुढं आला.

“याला बाहेर जायचंय, महाराज,” तानू म्हणाली.

“मग जाऊ दे की!”

“असं कसं? आधी कारकून, मग फडणीस, मग दिवाणजींची मोहर! आमच्या माठाला महिना लागला. सख्या थांबेल तेवढा.”

सख्या थांबला नाही.

दरबार गालिच्याकडं बघत राहिला. आणि राजा पोट धरून हसत सुटला!

“दिवाणजी, तुमचे सगळे नियम वाहून गेले! आजपासून शाळेचं शाळेतच ठरेल. पोरी, बक्षीस माग!”

“आमचे पंतोजी परत द्या, महाराज. शाळेला लागतात.”

राजानं पंतोजी दिले आणि वर हातातलं सोन्याचं कडं काढून तानूला दिलं. दिवाणजी नाक दाबून नोकरांना म्हणाले, “उचला तो गालिचा, धुवायला न्या!”

“थांबा, दिवाणजी!” राजा म्हणाला. “परवानगी काढलीत?”