सोपानचा चहा

“असा कुठला नियम तुम्ही मला सांगितला नाहीत, उस्ताद?”

परागने उंबऱ्यातूनच विचारलं. चपलासुद्धा काढल्या नव्हत्या.

इस्माईलचाचा चुलीपुढे बसले होते. चौतीस वर्षं धरणाचे दरवाजे त्यांच्याच हाताने उघडले. पराग शहरातून आलेला इंजिनिअर. पोरगा हुशार, आणि तोरा तर विचारूच नका. दोन महिने चाचांच्या पायाशी बसून त्याने त्यांचं सगळं शहाणपण वहीत उतरवलं. पाणी इतकं चढलं तर हे करायचं, पाऊस तितका झाला तर ते. असे चारशे बारा नियम यंत्राला शिकवले. मग दरवाजे यंत्रच उघडू लागलं आणि चाचा घरी बसले.

आणि मंगळवारी धरणाखालच्या घाटावर धुणं धुताना सोपान परीट वाहून गेला.

“भोंगा तीनदा वाजला होता,” पराग म्हणाला. “पाणीही बेतानंच सोडलं. मी दोनदा तपासलं, यंत्राचं कुठंच चुकलेलं नाही.”

“सोपान ठार बहिरा होता, बेटा.”

“तेच म्हणतोय मी... तुमच्या वेळी एकदाही असं झालं नाही. तुम्ही वेगळं काय करत होता?”

चाचांनी नुसता हात पुढे केला. परागने वही दिली. त्यांनी पानं उलटली आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

‘दरवाजे उघडण्याआधी घाटावर जातो. सोपानला वर आणून चहा पाजतो.’

अक्षर परागचंच होतं. ओळीवर लाल रेघ होती, आणि शेजारी लिहिलं होतं, ‘कामाशी संबंध नाही.’

पराग तिथंच खाली बसला.

“मी विचारलं होतं... चहा कशासाठी, म्हणून. तुम्ही म्हणालात, सवय आहे.”

“मलाही सवयच वाटायची.”

पराग रडला, अगदी लहान पोरासारखा रडला. मग डोळे पुसून त्याने पेन काढलं.

“आता सांगा, उस्ताद. सांगाल तस्सा नियम यंत्रात घालतो. पुन्हा कुणी जायला नको.”

चाचांनी चहा दोन कपांत ओतला. एक कप कान तुटलेला, सोपानचा. तोच त्यांनी हातात घेतला.

“लिही. जर चहा घ्यायला सोपान आला नाही, तर...”

परागचं पेन थांबलं.

“तर काय, उस्ताद?”

“मंगळवारपासून मीही तिथंच अडलोय, बेटा.”