मोराच्या डब्या आणि मातीचा दिवा

ऐका हं. एक होती मुलगी, नाव शेवंता, आणि ती पुष्कळ वर्षांनी घरी परत येत होती.

कुठून? सात डोंगरांच्या पलीकडून. तिकडे पंडितांचं गाव होतं. दुकानं कशी उभी राहतात आणि कशी टिकतात, हे तिथे शिकवायचे. शेवंता शिकली. शिकता शिकता सगळ्यांना सांगायची, "आमच्या घरी काजळ करतात. तसं कुठेच होत नाही."

वाटेत तिला वाटत होतं, दारात बाबा असतील, आत्या असेल, आणि सगळ्यांच्या डोळ्यांत काजळाची काळीभोर रेघ असेल. त्या रेघेवरून तर त्या घरचं माणूस ओळखू यायचं, बरं का.

आली, तर काय? घराच्या दर्शनी बाजूला काजळाची मोठी पेढी. दाराला सोन्याचा पत्रा. बाहेर बायकांची ही रांग. काजळाच्या डब्यांच्या झाकणावर मोर आणि झाकणाच्या आत आरसा. पण दारात उभ्या असलेल्या बाबांचे डोळे कोरडे. आत्याचेही कोरडे. काजळ कुणाच्याच डोळ्यांत नाही.

आता हे काजळ आलं कुठून, ते आधी सांगते. शेवंताची आजी होती गोदाक्का. तिला एकदा बोरीखाली एक घुबड सापडलं. डोळ्याच्या कडेला काटा रुतलेला. गोदाक्कानं हळूच काटा काढला, वर लोणी लावलं. मग घुबड बोललं. हसू नका, गोष्टीतलं घुबड आहे, बोलणारच. त्यानं तिला एक मातीचा दिवा दिला.

म्हणालं, "बाई, यात तेल घालावं लागणार नाही. वर तांब्याचं ताट उपडं ठेव. रात्रभरात काजळ धरेल. ज्याला लावशील त्याचे डोळे गार राहतील. पण तीन गोष्टी पाळ. नवं काजळ आधी आपल्या डोळ्यांत, मग दुसऱ्याच्या. दिवा देईल तेवढंच विकायचं. आणि कुणी तक्रार घेऊन आलं, तर आधी त्याच्या डोळ्यांत बघायचं, मग बोलायचं."

"नाही पाळलं तर? दिवा विझेल?"

"दिवा जळतच राहील. पण त्या घरातल्या माणसांना कुणाच्या नजरेला नजर देता येणार नाही."

गोदाक्का जन्मभर तशी वागली. डब्या थोड्याच व्हायच्या. बायका लांबलांबच्या गावांहून चालत यायच्या, संपलं असेल तर परत जायच्या आणि पुन्हा यायच्या. आईनं घातलं ते लेकीनं घातलं. लेकीनं ते आपल्या बाळाला घातलं.

तर शेवंता घरात आली. बाबांना म्हणाली, "बाबा, काजळ का नाही घातलंत?"

बाबा जमिनीकडे बघत म्हणाले, "सकाळपासून उसंत मिळालीय का? तू आधी पाय धू."

मग तिनं आत्याला विचारलं. आत्या भिंतीकडे बघत म्हणाली, "या वयात? लोक म्हणतील, म्हातारी लग्नाला उभी राहिली."

मग ती माजघरात गेली, दिव्यापाशी. दिवा जळत होता. वर ताट नव्हतं. त्याचं काजळ छताला लागून लागून वाया गेलं होतं. आणि मागच्या अंगणात एक प्रचंड भट्टी पेटली होती. माणसं तिच्या धुराड्यातली काजळी खरवडत होती, तिच्यात चरबी कालवत होती आणि वरून कापूर टाकत होती.

"बाबा, हे विकता तुम्ही?"

"कापरानं थंड लागतं. कुणाला कळत नाही."

"आजीला कळलं असतं."

"तुझी आजी मूठभर डब्या करायची. बाहेरची रांग बघितलीस? आणि तुला डोंगरांपलीकडे कुणी पाठवलं? त्या दिव्यानं? या भट्टीनं पाठवलं, बाय. तुझ्या पोथ्या, तुझं जेवणखाण, ही अंगावरची शाल, सगळं या धुराड्यातून आलंय."

ते खरं होतं, बाळांनो. शेवंतानं शाल अंगावरून काढली, पण शिकलेलं काही काढून ठेवता येईना.

तेवढ्यात पेढीवर एक बाई आली. यमुना कुंभारीण. कडेवर पोर, पोराचे डोळे लालभडक, पापण्या चिकटलेल्या. आत्यानं वर न बघताच नवी डबी पुढे सरकवली.

"घे. मोरवाली आहे. पैसे नकोत."

"डबी नको, आत्याबाई. पोराचे डोळे बघा एकदा."

"मातीचे हात लावले असशील. आमच्या काजळानं असं होत नाही."

"माझी आई गेली तेव्हाही तिच्या डोळ्यांत तुमचंच काजळ होतं," यमुना म्हणाली. "म्हणून मी दुसरं कधी आणलं नाही."

आत्याची मान वर होईना. बाबांचीही होईना. शेवंता पुढे झाली. तिनं कोमट पाण्यानं पोराचे डोळे पुसले.

"आता बघून काय, ताई?" यमुना म्हणाली आणि निघून गेली.

मग तिन्हीसांजेला शेवंतानं काय केलं? मोराची डबी उघडली आणि डाव्या डोळ्यात काजळ घातलं. मिरची लागावी तशी आग झाली. डोळा सुजून बंद झाला. तेव्हा वळचणीला घुबड येऊन बसलं.

"दिवा परत नेऊ?"

"नको."

"तुझ्या घराला तो दिसत नाही."

"मला दिसतो."

"एकाच डोळ्यानं."

"एकानं तरी दिसतो," शेवंता म्हणाली. मग तिनं अडगळीतून तांब्याचं ताट काढलं, घासलं आणि दिव्यावर उपडं ठेवलं.

सकाळी ताटावर काजळ धरलं होतं. किती? एका डबीच्या तळाला लागेल एवढंच. त्यातलं थोडं तिनं उजव्या डोळ्यात घातलं. डोळा गार झाला. मग ती पेढीच्या पायरीवर जाऊन बसली. प्रत्येक बाईला म्हणायची, "हा सुजलेला डोळा पेढीचा. हा दुसरा आजीच्या दिव्याचा. बघा आणि मग घ्या."

काही बायका रडल्या. काही शिव्या देत गेल्या. आणि काहींनी तरीही डबी घेतली, बरं का, आतला आरसा छान होता म्हणून. शेवंताच्या मनाला सगळ्यात जास्त तेच लागलं.

बाबा बाहेर आले. "पेढी बसेल, शेवंते."

"बसू दे."

"मग खाशील काय?"

"दिवा देईल तेवढं." तिनं उरलेलं काजळ बोटावर घेतलं आणि हात पुढे केला. "बाबा, वर बघा. तुम्हाला घालते."

बाबा उभे राहिले, पण त्यांनी वर बघितलं नाही. बोटावरचं काजळ वाळून गेलं.

मग शेवंता उठली. भट्टीवर पाणी ओतलं. पेढीचं दार लावून घेतलं. त्या सकाळी तिनं ठरवलं, आता दिव्याच्या डब्या तेवढ्याच करायच्या, आणि पहिली डबी यमुनाच्या दारात न्यायची. ती घेईल की तोंडावर दार लावेल, ते तिचं तिनं ठरवावं.

सगळे सुखी झाले का, विचारताय? व्हायचेत अजून. काजळ धरायला अख्खी रात्र लागते, बाळांनो. तुम्ही आता डोळे मिटा.