ठराव पहिला

"पण बाबा, ज्याला वाचताच येत नाही, तो वाचनालयाचा सभासद कशाला?"

दिगंबर सोनटक्क्यांनी हा प्रश्न तिसऱ्यांदा विचारला. म्हातारे भिकोबा तांबट घंगाळाच्या बुडावर हातोडा मारत राहिले. ठण्... ठण्...

सोनटक्के गावच्या वाचनालयाचे नवे कार्यवाह. दोन विषयांत एम. ए., आणि हे सांगायला ते कधी विसरत नसत. घटनादुरुस्तीचा मसुदा त्यांनी स्वतःच लिहिला होता. यापुढे लिहितावाचता येईल तोच सभासद. बाकीच्यांची नावं कमी. उद्या सर्वसाधारण सभा होती.

अडचण एकच. घटना बदलायची तर सर्वांत जुन्या सभासदाची संमती लागे, आणि सर्वांत जुने सभासद होते भिकोबा. त्यांची सही नव्हती, अंगठा होता.

ज्याचा काटा काढायचा, अंगठाही त्याचाच मागायचा! सोनटक्क्यांना जरा अवघड वाटत होतं. जराच.

"ऐकताय ना, बाबा?"

"कान शाबूत आहेत. वाच तुझा कागद."

सोनटक्क्यांनी मसुदा खणखणीत आवाजात वाचला, पोटकलमांसकट. हातोडा एकदाही थांबला नाही.

"झालं?"

"झालं."

"अन् काखेत काय आहे?"

"आपल्या वाचनालयाची पहिली इतिवृत्ताची वही. उद्या सभेत मांडायचीय, म्हणून कपाटातून काढली."

"काय लिहिलंय तिच्यात?"

सोनटक्के चाचरले. "अजून... वाचली नाही."

भिकोबा हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं.

"मी होतो तिथं. पण काय लिहिलं, ते साठ वर्षांत कुणी वाचून दाखवलं नाही. वाच."

अक्षर बारीक, शाई विटलेली. सोनटक्के अडखळत वाचू लागले.

"'आज पहिली सभा तांबट आळीत रस्त्यावरच भरली. पुस्तक एक, वाचणारा एक. ठोकाठोकीत काही ऐकू येईना, म्हणून वाचणारा गप्प बसला. तेव्हा भिकोबा तांबट याने हातोडा खाली ठेवला...'"

ठण् थांबलं.

"'...मग शेजारच्याने ठेवला. मग सगळ्या आळीने ठेवला. उन्हे उतरेपर्यंत वाचन झाले. ठराव पहिला : ऐकण्यासाठी ज्याने हातातले काम थांबवले, तो सभासद.'"

खाली सही एकच होती, वाचणाऱ्याची. बाकी एकवीस अंगठे.

समोरच्या दुकानातली ठोकाठोकही केव्हाच थांबली होती. तिथला कारागीर उंबऱ्यावर येऊन उभा होता, पुढचं ऐकायला.

सोनटक्क्यांना मान वर करवेना. त्यांना लाज वाटली, चांगलीच वाटली. इतकी पुस्तकं वाचली, पण आजवर कुणाला एक पान वाचून दाखवलं नव्हतं.

"बाबा..."

भिकोबांनी अंगठा धोतराला पुसला आणि पुढे केला.

"आण तुझा कागद. कुठं उठवायचा, दाखव."

सोनटक्क्यांनी मसुदा घडी करून खिशात घातला आणि वहीचं पुढचं पान मोठ्यानं वाचायला घेतलं.