नाखवाची सरळ रेघ

आमच्या धर्माजी नाखवानं होडीवर नवं जीपीएस बसवलं, तेव्हाची ही गोष्ट. पडद्यावर समुद्रातून बंदरापर्यंत सरळ रेघ मारून तो होडी हाकणाऱ्या हिरोजी तांडेलाला म्हणाला, "उद्यापासून होडी ह्याच रेघेवरून आणायची. नाहीतर दुसरा तांडेल बघतो."

"आणतो, नाखवा. आधी इथून तुमच्या घरापर्यंत अशीच रेघ मारा नि तिच्यावरून चालत जा."

"खुळा की काय! मधे विहीर आहे!"

"यंत्रात तर दिसत नाही. विहीर तुम्हाला ठाऊक, तिचं पाणी पिता म्हणून. तुमच्या रेघेवरचा बुडीत खडक मला ठाऊक, माझा बाप तिथंच गेला म्हणून."

मग नाखवा हिरोजीला यंत्रापुढं बसवून म्हणाला, "खडकांच्या खुणा तूच कर, बाबा."

हिरोजीनं पहिली खूण बापाच्या जागी केली.