वास गेला

उकिरड्यावर? कोन म्हनला त्या गोधडीला वास मारतो? तुझा मेव्हना? बोलीव त्याला माझ्या म्होरं! त्यानं खिशातनं बाटली काढली, गुलाबाचं अत्तर मनगटाला चोळलं, "बघा दाजी, कसा हलका वास, कसा स्वच्छ" म्हनला, आन् तू लगीच तुझ्या आयची गोधडी उचलून उकिरड्यावर भिरकावलीस? त्यो गेला निघून म्हनून वाचला. न्हाईतर हितंच बसवून ही गोष्ट ऐकवली असती. आता तू ऐक. पोरंसोरं असतील त्यांनी ऐका, म्हातारी असतील त्यांनी बी ऐका. मधी कुनी बोलायचं न्हाई.

लई जुनी गोष्ट. तवा मानसं आत्तापरीस श्यानी व्हती म्हनत्यात. खोटं हाय. अशीच व्हती.

नदीच्या वळनावर एक गाव व्हतं. त्या गावात भर दुपारी एक अत्तरवाला आला. कापडं पांढरीफेक. त्वांड असं, की बघून पाठ फिरवली की आठवायचं न्हाई.

पाटलाच्या दारात एक खवाट कुत्रं व्हतं, सोताच्या सावलीवर भुंकायचं. त्यो मानूस त्याला वलांडून गेला, तरी कुत्र्यानं कान हलवला न्हाई. जनू कुनी गेलंच न्हाई.

लोक म्हनले, "भला दिसतोय. कुत्रं बी भुंकलं न्हाई."

भला म्हनं! परक्या मानसावर कुत्रं भुंकतच असतं. भुंकलं न्हाई, तवाच हातात काठी घ्यायची. पर ते सुचलं कुनाला?

त्यो चावडीच्या कट्ट्यावर बसला. म्होरं एक इवलीशी कुपी ठेवली. म्हनला, "मोल नको. गुलाबाचं हाय. लावा, आन् कसं वाटलं तेवढं मला येऊन सांगा. आन् काय गेलं, ते बी सांगा."

"काय गेलं म्हंजे?"

"ते लावल्यावर ज्याचं त्याला कळतं."

पैला कुंभार गेला. लावून घरी जाऊन आला, आन् हसतच आला. "आरं, हाय का न्हाई तेच कळंना! दवात भिजल्याली पाकळी नुसती बोटानं शिवावी, तसा वास. नाकाला टोचत न्हाई, डोक्यात जात न्हाई."

"आन् गेलं काय?"

"मातीचा वास गेला बघ! भट्टीच्या धुराचा गेला!"

अत्तरवाल्यानं डोळं मिटलं आन् लांब श्वास वढला. उपाशी मानूस भाकरीचा वास घेतो, तसा. "गेला म्हनलास न्हवं?"

"गेला, गेला!"

मंग तेलीन आली. "उन्हात धुनं वाळत घालावं आन् त्यात त्वांड खुपसावं, तसं वाटतंय. पेंडीचा वास गेला माझ्या अंगाचा. आन् एक गंमत सांगू? माशी बसंना अंगावर!"

मागनं पाटील आला. पाटलाला तंबाखूचा नाद आन् घोड्याचा नाद, दोन्हींचा वास त्याच्या आधी घरात शिरायचा. त्यो म्हनला, "बाकीची अत्तरं उग्र, लावली की डोकं धरतंय. हे लावलं की मानूस कोरा व्हतो. तंबाखूचा वास गेला, घोड्याचा गेला. काल काय केलं त्याचा बी वास अंगाला ऱ्हात न्हाई!" आन् मिशीतल्या मिशीत हसला. काल त्यानं काय केलं व्हतं, ते त्यालाच ठावं.

चार दिसात समदं गाव लावाय लागलं. डास चावंना, माशी बसंना. लोक खूश.

गावात एक गवळन तेवढी ऱ्हायली व्हती. तिचं पोरगं तान्हं, बारसं तोंडावर आल्यालं. ती घागर घिऊन नदीवर गेली तर बायका एकमेकींत बोलत्यात, तिला ऐकू जाईल अशाच.

"गवळनीकडं बारशाला जायचं ना गं?"

"जायचं की. नाकाला पदर लावून जायचं."

"पाळन्यात पोरगं हाय का वासरू, वासावरनं कळायचं न्हाई बाई!"

आन् हसल्या. गवळनीनं घागर भरली, आन् घरी जाताना चावडीवर थांबली. अत्तर कानामागं लावलं, मनगटाला लावलं.

"कसं वाटतंय?" अत्तरवाल्यानं इचारलं.

"नव्या मडक्यातल्या पान्यावानी."

"काय गेलं?"

"शेनाचा वास गेला. चुलीचा गेला."

"आनखी?"

तिनं मनगट परत हुंगलं.

"नीट सांग, बाई."

"दुधाचा बी गेला," ती म्हनली.

अत्तरवाल्यानं असा श्वास वढला, की तिच्या अंगावर काटा आला.

घरी आली तर पाळन्यात ती जुनी गोधडी. ह्या गोधडीची गोष्ट तुमास्नी ठावं हाय. जन्मल्या पोराला नवं कापड घालत न्हाईत. आयचं वापरल्यालं लुगडं फाडून, त्याची मऊ गोधडी शिवून त्यात निजवत्यात. तिनं ती पोराखालनं वढली. बायका येनार, नाकं मुरडनार. टाकली उकिरड्यावर. पोराखाली कोरं कापड घातलं.

बारसं झ्याक झालं. बायकांनी तिचं मनगट हुंगलं, "आता कशी आमच्यातली झालीस" म्हनल्या. मंग पोरगं रडाय लागलं. तिनं पदराखाली घेतलं.

पोरानं त्वांड फिरवलं.

परत घेतलं. पोरगं ताठ झालं, हातपाय झाडाय लागलं, परक्यानं उचलून न्यावं तसं किंचाळाय लागलं. बायका हसल्या, म्हनल्या, "नजर लागली." मीठ-मिरची उतरवून चुलीत टाकली. ठसका लागला नुसता.

सांजंला गाय पिळाय बसली. जी गाय तिच्या नुसत्या चाहुलीनं पान्हा सोडायची, तिनं लाथ घातली. चरवी एकीकडं, गवळन एकीकडं.

दुसऱ्या दिशी बी तेच. शेजारनीनं पोराला अंगाशी घेतलं, तर तिच्याकडनं बी त्वांड फिरवलं. तिच्या अंगाला बी तेच अत्तर! शेळीचं दूध बोळ्यानं पाजलं, ते वकून टाकलं. पोराची टाळू आत गेली. रडनं बारीक झालं. पोरगं वरडतंय तवर आयला धीर असतो. ते गप व्हाय लागलं, आन् गवळन येडी झाली.

तिनं नदीत अंग घासघासून धुतलं. राख चोळली. शेन फासलं, चुलीपाशी धुरात बसली. शेनाला शेनाचा वास यायचा, धुराला धुराचा. तिला मातूर कशाचाच न्हाई. नुसता गुलाब. हलका, स्वच्छ.

गावाच्या कडंला एक म्हातारी सुईन ऱ्हायची. डोळं गेल्यालं. तिच्याकडं अजून कुनी अत्तर न्हेलं नव्हतं. गवळन पोराला घिऊन तिच्या दारात जाऊन हुभी ऱ्हायली.

सुईनीनं नाक वर केलं, आन् घाबरीच झाली. "आगं बया! कुनाचं तान्हं लेकरू हे? एकलंच कसं आलं माझ्या दारात?"

"म्या आनलंय की, म्हातारे."

"आवाज हाय," सुईन म्हनली. "मानूस न्हाई."

"आगं, मी गवळन! तूच माझं बाळतपन केलंस!"

म्हातारीनं हात म्होरं केला, तिचा दंड चाचपला, आन् चटका बसल्यावानी मागं घेतला. "अंगावर माशी बसती का तुझ्या?"

"न्हाई बसत."

"जित्यावर माशी बसती. मेल्यावर बी बसती. तुझ्यावर बसत न्हाई. मंग तू कोन?"

गवळनीनं पोराला छातीशी धरलं. तिनं समदं सांगितलं. कुपी, अत्तरवाला, काय इचारलं, काय बोलली.

म्हातारी म्हनली, "देवळात देवाचा वास असतो म्हनतो का न्हाई आपन? मानसाचा बी त्याच्या अंगात वास असतो. तुझा वास त्यानं चोरला न्हाई गं. 'गेला, गेला' म्हनून तूच दार उघडून हाकलून दिलास. घर रिकामं हाय तुझं. लेकरू रिकाम्या घरात कसं शिरंल?"

"मंग आता काय करू?"

"ती गोधडी कुठं हाय? तुझ्या लुगड्याची, म्या बाळतपनात घातल्याली?"

गवळनीनं मान खाली घातली. "उकिरड्यावर टाकली."

"पळ, रांडंच्ये!" म्हातारी वरडली. "त्याच्या आधी पोच!"

ती पळत सुटली. भर दुपारची येळ, सावली पायाखाली. उकिरड्यापाशी आली आन् थबकली.

अत्तरवाला तिथं बसला व्हता. मांडीवर गोधडी, गोधडीत नाक. आन् तिची गाय दावं तोडून आल्याली, त्याचा हात चाटत हुभी. गाईच्या सडातनं दूध आपसूक गळत व्हतं.

एवढ्यात तिच्या हातातलं पोरगं हाललं. त्यानं मान वळवली, त्या मानसाकडं. आन् भुकेलं त्वांड उघडलं.

"बघ," अत्तरवाला म्हनला, "त्याला त्याची आय सापडली."

"सोड ती गोधडी!"

"टाकलीस की. 'गेला' म्हनलीस ते समद्या चावडीनं ऐकलं."

गलका ऐकून बायका आल्या, घागरी कमरंवर घिऊन. त्याच, हसनाऱ्या. गवळनीनं त्यांच्याकडं बघितलं. मंग पोराकडं बघितलं, आन् बोंब ठोकल्यावानी वरडली.

"ऐका गं! शेनाचा वास माझा हाय! चुलीच्या धुराचा माझा हाय! आंबल्याल्या दुधाचा, घामाचा, समदा माझा! कुठं गेला न्हाई आन् जायचा न्हाई! नाकं धरायची त्यांनी धरा! आन् तू, दे हिकडं!"

अत्तरवाल्याची मूठ सैल झाली. तिनं गोधडी हिसकली, पोराला आन् सोताला एकातच गुंडाळलं, आन् तिथंच उकिरड्यावर फतकल मारून बसली. पोरानं गोधडीत नाक घुसळलं. एकदा हुंगलं, परत हुंगलं. आन् चटाचटा प्याय लागलं. गाईनं मान वळवली, येऊन तिचं डोस्कं चाटाय लागली. तवा कुठं एक माशी घोंघावत आली, आन् गवळनीच्या गालावर बसली. तिनं हाकलली न्हाई.

अत्तरवाला कवा उठून गेला, ते कुनी बघितलं न्हाई. मंग गावात धावपळ झाली. कुंभार भट्टीपाशी जाऊन "माती माझी हाय" म्हनून वरडला. तेलीन घान्याला मिठी मारून रडली. ज्यानं त्यानं आपापला वास परत बोलावला.

पाटील तेवढा हटला न्हाई. "येवढा कोरा झालोय," म्हनला, "आता परत तंबाखूनं घान व्हऊ? आन् कालचं परत अंगाला चिकटवून घिऊ? येड लागलंय तुमास्नी."

त्या दुपारी त्यो नदीवरनं घरी आला. गुलाबाचा वास येताच कुत्रं ताडकन उठलं आन् भुंकत अंगावर आलं. धोतर फाडलं.

"आरं, मी हाय!"

कुत्रं आनखीच चवताळलं. आवाज ऐकून पाटलीन दारात आली. तिनं त्याला वरनं खालपतोर बघितलं. "कोन पायजे?"

"आगं, असं काय करतीस? मी!"

"आमचं मालक जेवन उरकत्यात. मागनं या."

पाटलानं तिच्या खांद्यावरनं आत बघितलं. त्याच्या पाटावर एक मानूस बसला व्हता. जेवन आटपून तळहातावर तंबाखू मळत व्हता. कुत्रं आत गेलं आन् शेपूट हलवत त्याच्या पायापाशी आडवं झालं. त्या मानसानं वर बघितलं, आन् मिशीतल्या मिशीत हसला. हुबेहूब.

पाटलीनीनं दार लावून घेतलं.

त्या गावात अजून बी असं व्हतं म्हनत्यात. ऐन दुपारी, वारं पडल्यालं असतं, आन् गल्लीतनं गुलाबाचा वास जातो. लई हलका, लई स्वच्छ. लोक थांबत्यात, "व्हा, काय झ्याक वास" म्हनत्यात. मंग पाटलाच्या दारातलं कुत्रं भुंकाय लागतं. भुंकतंय कुनावर, ते दिसत न्हाई.

तर ह्यातनं शिकायचं एकच: ज्याला सोताच्या अंगाचा वास नकोसा झाला, त्याच्या घरात दुसराच वास करतो.

झाली गोष्ट. आता माझ्या तोंडाकडं काय बघतोस? ऊठ. उकिरड्यावरनं तुझ्या आयची गोधडी घिऊन ये. न झटकता, न धुता. जा आत्ता.