बुखाऱ्याचा पुलाव

"पण महाराज, जाऊ की नको, तेवढं सांगा ना!"

सोमगिरी महाराज मठाच्या ओट्यावर वाती वळत होते. त्यांच्या परवानगीशिवाय मठ सोडायचा नाही, असा नियम. म्हणून त्रिंबक सकाळपासून त्यांच्या मागे लागला होता.

त्रिंबक म्हणजे मठातला सगळ्यात हुशार शिष्य. त्याचं स्वतःचंही तेच मत होतं. कोणी भक्त एक जाडजूड कादंबरी मठात विसरून गेला आणि त्रिंबकाने ती तहानभूक विसरून वाचून काढली. बुखारा शहर, तिथली एक सराई, ती चालवणारी म्हातारी आणि तिच्या चुलीवरचा पुलाव. तेव्हापासून स्वारीचे पाय जमिनीला लागत नव्हते.

"कशाला जायचंय?"

"बघायला! निळे निळे घुमट, महाराज! अंगणात तुतीची झाडं. म्हातारीने झाकण काढलं की अख्खी गल्ली थांबते..."

"तुला तर सगळं दिसलंय."

"दिसलंय म्हणूनच राहवत नाही!"

महाराजांनी पुढची वात घेतली.

"आज नैवेद्याला मी तिचाच पुलाव केलाय," त्रिंबक म्हणाला. "गाजर, जर्दाळू, बेदाणे. पुस्तकात नाही ते चिमूटभरसुद्धा घातलं नाही. तो खा, आणि मग नाही म्हणून दाखवा."

नैवेद्य झाला. महाराज पानावर बसले. त्यांनी पहिला घास घेतला.

ते सावकाश चावत राहिले... त्रिंबकाला धीर धरवेना.

"कसा झालाय?"

"तू चाखलास?"

"काहीतरीच काय, महाराज! नैवेद्याचं आधी चाखतात का कुठे?"

मठाची रीतच होती ती. देवाच्या आधी जीभ लावायची नाही.

"आता देवाचं झालंय. खा."

त्रिंबकाने मोठा घास घेतला आणि त्याचा चेहरा पडला. पुलावात मीठच नव्हतं.

"पण... पुस्तकात मिठाचं कुठेच नव्हतं," तो चाचरत म्हणाला.

"देवही काही बोलला नाही."

त्रिंबकाचे कान लाल झाले. तो धावत जाऊन मीठ घेऊन आला. महाराजांनी पातेल्यावर आडवा हात धरला.

"राहू दे. ते आपलं मीठ, म्हातारीचं नव्हे."

त्रिंबक मान खाली घालून उभा राहिला. त्याला फार लाज वाटली.

"मी काही जायच्या लायकीचा नाही, महाराज. परत नाही विचारणार."

महाराजांनी पान पुढे सरकवलं.

"वाढ अजून."

"अळणी आहे..."

"वाढ. म्हातारीने झाकण काढलं, गल्ली थांबली. पुढे?"

त्रिंबक आधी पुटपुटला. मग त्याचा आवाज चढत गेला. उंटांच्या घंटा, ताज्या रोट्यांच्या चळती, परक्या पाहुण्याला आधी वाढायची म्हातारीची पद्धत... हातातला पळीभर पुलाव तसाच धरून तो बोलत सुटला. महाराज अळणी भात मिटक्या मारत खात होते.

पान पुसून झाल्यावर ते म्हणाले, "उद्या पहाटे निघ. मीठ किती घालते, म्हातारीला विचार."

त्रिंबक आनंदाने उडालाच. मग एकदम थबकला.

"पण महाराज... म्हातारी तर कादंबरीतली आहे!"

"मग तिच्या शेजारणीला विचार."