लक्ष्म्यांच्या नगरातल्या भिवरेची कहाणी

ऐका सटवाईमाते, तुमची कहाणी. अक्षता हातात घ्या बायांनो, आणि आपसात कुजबुजू नका.

एक आटपाट नगर होतं. नगराला वेस होती, वेशीबाहेर नदी होती, आणि नगरात जेवढ्या सुना तेवढ्या लक्ष्म्या होत्या. हसू नका. तिथली रीतच तशी. नवरी माप ओलांडून आत आली, की ताटात तांदूळ पसरायचे. तिचं माहेरचं नाव त्यात बोटानं लिहायचं. मग सासूनं ते तळहातानं पुसायचं. मग नवऱ्यानं अंगठीनं लिहायचं, लक्ष्मी. मग त्याच तांदळाची खीर करायची नि सासरच्यांनी खायची. नवरीला त्यातला घास द्यायचा नाही. घरात लक्ष्मी आली, जुनं नाव पोटात गेलं, असं म्हणायचे नि ढेकर द्यायचे.

त्या नगरात एका कोष्ट्याचं घर होतं. त्या घरात सात डोंगरांपलीकडची सून आली. तिचं नाव भिवरा. तिला बाप नव्हता. आई होती, आणि बारशाला कानात नाव सांगणारी आत्या होती. लग्न झालं, नाव पुसलं, खीर झाली. त्या दिवशी ती रडली. मग महिना गेला, मग वर्ष गेलं, मग बारा वर्षं गेली. माहेरी जाते म्हटलं, की सासू म्हणे, पुढच्या वर्षी जा. भिवरा अशी हाक कोणी मारली नाही. आई आठवे, अंगणातली तुळस आठवे, पण आपलं नाव काही आठवेना. आणि ते आठवत नाही, याची तिला खंतही वाटेना.

इकडं काय झालं? माहेरी आई अंथरुणाला खिळली. म्हणाली, भिवरेला बोलवा, शेवटचं पाणी तिच्या हातचं पिईन. मग गावचा गुरव निघाला. नदीवर आला. बाया धुणं धूत होत्या. त्यानं विचारलं, बायांनो, तुमच्यात भिवरा कोण? बाया म्हणाल्या, इथं सगळ्या लक्ष्म्या, भिवरा कोणी नाही. तीही त्यांच्यातच होती. तीही म्हणाली, नाही बाबा. गुरव परत गेला. मग कासार निघाला. वेशीत आला, बांगड्यांचं ओझं उतरवलं, विचारलं, भिवरेचं घर कुठलं? ती त्याच्यापुढं हात धरून बसली होती. बांगड्या भरून घेता घेता म्हणाली, नाही हो मामा, चुकलात. कासार परत गेला.

मग एक म्हातारी आली. ऐन दुपारी दारात उभी राहिली. म्हणाली, भिवरा आहे का घरात?

सून म्हणाली, आजी, इथं भिवरा नाही. पुढं बघा.

म्हातारी म्हणाली, तिची आई जायला टेकलीय गं. जीव लेकीसाठी अडलाय.

सून हळहळली. म्हणाली, अगंबाई, आणि ही येत नाही? तीन तीन माणसं धाडावी लागतात? कसली लेक म्हणायची ती. काळीज आहे का धोंडा?

बायांनो, आपल्या तोंडानं आपल्यालाच म्हणाली. सांगताना माझ्याच अंगावर काटा येतो.

 म्हातारीनं पाणी मागितलं. सुनेनं तांब्या भरून आणला. म्हातारी म्हणाली, आधी तू बघ त्यात. सून वाकली. पाण्यात आभाळ दिसलं. पाण्यात दारचा निंब दिसला. पाण्यात म्हातारीचं तोंड दिसलं. तिचं तोंड दिसलं नाही. तांब्या हातून पडला. ती विहिरीवर धावली, वाकली, तिथंही नाही. ती नदीवर धावली, वाकली, तिथंही नाही. बाजूला बाया पाण्यावर वाकून धुणं धूत होत्या, पण पाण्यात एकीचंही तोंड नव्हतं. नुसत्या साड्या हलत होत्या. आजवर कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. कामाच्या घाईत पाण्यात कोण बघतं?

ती धावत परत आली, म्हातारीच्या पायांवर पडली. ती म्हातारी म्हणजे कोण? सटवाई. म्हणाली, सहाव्या रात्री मी येते नि कपाळावर लिहिते. बाराव्या दिवशी आत्या कानात नाव सांगते. माझं लिहिणं त्या नावावर. नावच खाल्लं, तर मी कोणाला शोधू? ऊठ. डोंगर ओलांड. तुझ्या आत्याच्या तोंडापुढं कान कर.

सुनेनं कोणाला विचारलं नाही. पदर खोचला नि निघाली. ठेचाळली, उठली, पुन्हा चालली. माहेरच्या दारात आली. आई डोळे मिटून पडलेली. आत्यानं तिला पाहिलं, जवळ ओढलं, कानाशी तोंड नेलं नि म्हणाली, भिवरा. तिच्या तोंडून आपसूक आलं, ओ. ती ओ ऐकून आईनं डोळे उघडले. भिवरेनं पाणी पाजलं. आई तीन घोट प्याली, लेकीच्या गालावरून हात फिरवला, आणि गेली. भिवरा आईजवळ बसून पोटभर रडली.

तेरावं झालं. भिवरा सासरी परतली. सासूनं हाक मारली, लक्ष्मी, कुठं होतीस? ओ नाही. दुसऱ्यांदा मारली, तिसऱ्यांदा मारली. शेजारणी जमल्या. सून बहिरी झाली म्हणाल्या. भिवरा म्हणाली, सासूबाई, माझं नाव भिवरा. आणि तिनं पाण्यानं भरलेली परात मधोमध ठेवली. सासू वाकली, शेजारणी वाकल्या. परातीत नुसतं छपराचं आढं दिसत होतं. एकीचंही तोंड दिसेना.

मग भिवरेनं वसा सांगितला. चैत्रातल्या शुक्रवारी ताटात तांदूळ पसरावे. आपलं नाव आपल्या बोटानं लिहावं. कोणी पुसू नये. शेजारणीनं नावानं हाक मारावी, आपण ओ द्यावी. मग त्याच तांदळाची खीर करावी नि पहिला घास आपण खावा. उतू नये, मातू नये, घेतला वसा टाकू नये.

शुक्रवार आला. कोणी आपलं नाव आईला विचारून आली, कोणी मावशीला. सासूचं ताट कोरंच. म्हणाली, मी कोणाला विचारू? माझं नाव ठाऊक असलेलं एकही माणूस आता जिवंत नाही.   भिवरा म्हणाली, सासूबाई, तुमचं नाव तुम्हीच ठेवा. मी डोळे झाकून घेते.

सासूनं पुष्कळ वेळ विचार केला. मग तळहाताच्या आडोशानं काहीतरी लिहिलं. खीर केली, सगळी एकटीनं खाल्ली. सासरा ओसरीवरून ओरडला, लक्ष्मी, पाणी आण. सासू बसूनच राहिली. तो आत आला. म्हणाला, ओ का देत नाहीस? सासू म्हणाली, नावानं हाक मारा. तो म्हणाला, कुठल्या नावानं? सासू म्हणाली, बसा खाली, सांगते. सासरा जन्मात पहिल्यांदा चुलीपाशी खाली बसला.

मग सासू पुन्हा पाण्याच्या परातीवर वाकली. पाण्यात एक बाई दिसली. केस पांढरे, दात पडलेले, गाल बसलेले. सासू दचकून मागं सरली. म्हणाली, अगं बाई, मी एवढी म्हातारी कधी झाले?

भिवरेनं तिचा हात धरला.

जशी सटवाई भिवरेला भेटली, तशी तुम्हाआम्हाला भेटो, पण म्हातारपणाआधी भेटो. आता ज्या त्या बाईनं शेजारणीच्या कानात आपलं नाव सांगावं, मगच अक्षता वाहाव्या. ही साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी, ज्याच्या त्याच्या नावानं, सुफळ संपूर्ण.